लेबलावरचं तांबं, कुपीतलं तांबं

नागपूरच्या रामदासपेठेत लोकमत चौकातून आत वळून सेंट्रल बाजार रोडने निघालं की नुसत्या पाट्या वाचत अर्धं वैद्यकशास्त्र पालथं घालता येतं. हाडांचे, हृदयाचे, मुलांचे, किडनीचे डॉक्टर, मधेमधे पॅथॉलॉजी लॅब, सोनोग्राफी सेंटर, खाली औषधांची दुकानं आणि बाहेर छिंदवाडा, बालाघाट, यवतमाळ, गोंदियाकडून आलेल्या गाड्या. अलीकडे या पाट्यांमध्ये त्वचा आणि केसांच्या क्लिनिकांची भर पडली आहे आणि त्यांच्याबरोबर एक निळं द्रव्य या भागात ओळखीचं झालं आहे. सीरमच्या बाटलीवर त्याचं नाव ‘कॉपर ट्रायपेप्टाइड-१’ असं छापलेलं असतं. रसायनशास्त्रात त्याला जीएचके-कॉपर म्हणतात.

हाच रेणू फार्मसी आणि बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळांतही येतो. जखम भरणं, कोलॅजन, त्वचेच्या पेशी असा विषय घेतलेल्या एम.फार्म.च्या किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर पहिलं काम असतं ते ही पावडर मागवण्याचं. गाइड सांगतात, तीन कोटेशन आण. कोटेशनं येतात. एक भाव दुसऱ्याच्या कित्येक पट असतो, तरी तिन्हींवर ‘शुद्धता ९८ टक्क्यांहून अधिक’ हीच ओळ असते. पर्चेस कमिटी एल-वन, म्हणजे सर्वात कमी दराचं कोटेशन उचलते. निळी पावडर येते, प्रयोग सुरू होतो. त्या ९८ टक्क्यांत नेमकं काय मोजलं आहे, हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

जीएचके म्हणजे ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन या तीन अमिनो आम्लांची छोटी साखळी. अमेरिकेत लॉरेन पिकार्ट यांनी ती माणसाच्या रक्तद्रवातून वेगळी केली आणि १९७३ मध्ये तिच्याविषयीचं संशोधन प्रसिद्ध केलं. यकृताच्या पेशी जगवणारा आणि वाढवणारा रक्तातला घटक ते शोधत होते. ही साखळी तांब्याला घट्ट धरते आणि पेशीपर्यंत तांबं पोचवण्यात तिचा वाटा असावा, ही मांडणी १९८० च्या सुमारास पुढे आली. तांब्याचा अणू ग्लायसीनच्या टोकाचा नायट्रोजन, पहिल्या पेप्टाइड बंधातला नायट्रोजन आणि हिस्टिडीनच्या कड्यातला नायट्रोजन अशा तिघांच्या मधे बसतो. निळा रंग येतो तो त्यामुळे. १९८८ मध्ये फ्रान्समधल्या माकार आणि सहकाऱ्यांनी फायब्रोब्लास्ट पेशींवर प्रयोग करून दाखवलं की हे संयुग दिल्यावर कोलॅजनची निर्मिती वाढते आणि हा परिणाम एक नॅनोमोलरच्या आसपास सर्वाधिक असतो. ही मात्रा किती सूक्ष्म आहे ते लक्षात ठेवायला हवं, कारण पुढच्या बऱ्याच अडचणी तिथूनच निघतात.

आधी पावडरीकडे पाहू. पेप्टाइड बनवण्याची आजची रीत ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये मांडली. रेझिनच्या बारीक मण्यावर एकेक अमिनो आम्ल जोडत जायचं आणि शेवटी साखळी मण्यावरून सोडवायची. १९८४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. साखळी सोडवण्यासाठी आणि नंतर शुद्ध करण्यासाठी बहुतेक ठिकाणी ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल, लॅबच्या भाषेत टीएफए, वापरतात. ते पेप्टाइडला क्षाराच्या रूपात चिकटून राहतं. जीएचकेचा रेणुभार सुमारे ३४० आणि टीएफएचा ११४. एका जीएचकेला दोन टीएफए लागले तर दहा मिलीग्रॅम पावडरीत पेप्टाइड भरतं सहा मिलीग्रॅम, उरलेले चार मिलीग्रॅम आम्ल. तरीही शुद्धता ९८ टक्केच येते आणि ती खोटीही नसते, कारण शुद्धता मोजणारं एचपीएलसी यंत्र पेप्टाइडच्या इतर पेप्टाइडांशी असलेल्या प्रमाणाबद्दल बोलतं. टीएफए, पाणी, मीठ, तांबं यांच्याबद्दल ते काही सांगत नाही. त्यासाठी ‘नेट पेप्टाइड कंटेंट’ नावाचा वेगळा आकडा मागावा लागतो. मागितला नाही तर तो बहुधा मिळत नाही.

हे चार मिलीग्रॅम निरुपद्रवीही नसतात. टीएफएचा उरलेला अंश हाडांच्या पेशींची वाढ रोखतो, हे १९९९ मध्येच प्रसिद्ध झालं आहे आणि तेही पेशीप्रयोगांत सहज येतील अशा अल्प मात्रांमध्ये. म्हणून पेशींवरच्या कामासाठी ऑर्डर देताना टीएफएऐवजी अॅसेटेट क्षार हवा, असं पर्चेस ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहावं लागतं.

आता तांब्याकडे. माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत इथे होते. एचपीएलसीच्या स्तंभातून पेप्टाइड धावतं त्या द्रवात बहुतेक वेळा टीएफएच असतं आणि त्याचं पीएच दोनच्या आसपास. एवढ्या आम्लात जीएचके तांब्याला धरून ठेवू शकत नाही. यंत्रात शिरताच दोघं वेगळे होतात आणि आलेखावर दिसतं ते तांबं नसलेलं जीएचके. म्हणजे ‘जीएचके-कॉपर, शुद्धता ९८ टक्के’ हा दाखला तांब्याविषयी एक अक्षर बोलत नाही. त्यातून हे पेप्टाइड इतकं लहान आणि पाण्याशी मैत्री करणारं आहे, की नेहमीच्या सी-१८ स्तंभावर ते जेमतेम थांबतं आणि द्रवाच्या पहिल्या लाटेबरोबरच बाहेर येतं. तिथे अशुद्धीही त्याच शिखरात लपू शकते. आयन-पेअर किंवा हिलिक पद्धत वापरली नसेल तर ९८ टक्क्यांवरही विसंबता येत नाही.

रंगही साक्षीदार म्हणून कच्चा. मोरचूद निळा असतो, कॉपर अॅसेटेट निळसर हिरवं असतं. पेप्टाइडला न चिकटलेलं, नुसतं मिसळलेलं तांबं पावडरीत असलं तरी ती निळीच दिसणार.

मग तांबं मोजायचं कसं? हिशेब शाळेच्या गणिताइतका सोपा आहे. एका जीएचकेला तांब्याचा एक अणू असेल तर संयुगाचा रेणुभार सुमारे ४०२ आणि त्यात तांबं पावणेसोळा टक्के. दोन जीएचकेला एक अणू असेल तर ते साडेआठ टक्क्यांच्या आसपास. बाजारात दोन्ही प्रकार एकाच नावाने विकले जातात. अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन, म्हणजे एएएस यंत्रावर एक-दोन मिलीग्रॅम नमुन्यातून हा निकाल लागतो. पाणी आणि मातीतले धातू तपासायला हेच यंत्र वापरतात आणि वर्धा रोडवरच्या नीरीत, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, धातूंची अशी तपासणी हे रोजचं काम आहे. पेप्टाइड तेच आहे का, हे मास स्पेक्ट्रोमेट्री सांगते. जीएचकेचं शिखर ३४१ वर यायला हवं. एनएमआर मात्र इथे हात टेकतं. दोन विद्युतभाराचं तांबं चुंबकीय असल्यामुळे शिखरं पसरट होऊन वाचता येत नाहीत. तोच चुंबकीय गुण ईपीआर यंत्राला उपयोगी पडतो आणि तांबं नायट्रोजनांच्या कोंदणात बसलं आहे की मोकळं फिरतं आहे, हे तिथे कळतं. पवईच्या आयआयटीत सैफ केंद्रात असं यंत्र बाहेरच्या संशोधकांसाठीही खुलं आहे.

यातून बाहेर पडायची एक सरळ वाट आहे. तयार निळी पावडर न घेता चांगल्या दाखल्याचं, तांबं नसलेलं जीएचके अॅसेटेट घ्यायचं आणि तांबं स्वतः घालायचं. विश्लेषणाच्या दर्जाचं कॉपर क्लोराइड मोजून घ्या. नेट पेप्टाइडच्या आकड्यावरून जीएचकेचे मोल काढा आणि तांबं त्याहून किंचित कमी ठेवा, म्हणजे मोकळं तांबं उरणार नाही. पातळ सोडियम हायड्रॉक्साइडने हळूहळू पीएच सातच्या जवळ आणा. फिकट आकाशी रंग गडद निळा होताना डोळ्यांसमोर दिसतो. एवढ्याने तांब्या-पेप्टाइडचं प्रमाण आपल्या हातात येतं आणि त्याच पेप्टाइडची तांबं नसलेली कुपी नियंत्रण गट म्हणून आपोआप मिळते.

कुणी म्हणेल, एवढी शंका कशाला? नागपूरकरांना याचं उत्तर बाहेर शोधायची गरज नाही.

३० मे २०२४ ला उत्तर अंबाझरी मार्गालगत पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतावरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवलं. देशभर बातमी झाली. परिसरातल्या दुसऱ्या काही केंद्रांत त्याच दिवशी पारा ४४ च्या घरात होता. सेन्सरच बिघडला होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. तिथे शेजारी दुसरं केंद्र होतं म्हणून चूक पकडली गेली. कुपीवरच्या आकड्याला असा शेजारी नसतो. तो आपल्याला उभा करावा लागतो.

दुसरी घटना सांगताना मन जड होतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातली लहान मुलं किडनी निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत यायला लागली. साधा सर्दी-खोकला आणि त्यावर दिलेलं कोल्ड्रिफ नावाचं सिरप. ते तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालं होतं. तमिळनाडू सरकारच्या प्रयोगशाळेने त्या बॅचचा नमुना तपासला तेव्हा त्यात डायइथिलीन ग्लायकॉल निघालं ४८.६ टक्के. मान्य मर्यादा ०.१ टक्का. वीसहून अधिक मुलं गेली, त्यांतली बरीच नागपुरात उपचार घेताना. औषधाच्या दर्जाचा नसलेला कच्चा माल तपासणीशिवाय वापरला गेला, असं तिथल्या निरीक्षकांनी नोंदवलं. प्रत्येक बाटलीवर बॅच नंबर होता, तारीख होती, घटक छापलेले होते. यांतली बरीच मुलं ज्या शहरात दगावली, त्या शहरातल्या प्रयोगशाळेने तरी कागदावर भिस्त ठेवू नये, असं मला कळकळीने वाटतं. संशोधनाच्या कुपीने माणूस मरत नसेल, पण खोट्या पायावरचा शोधनिबंध पुढे औषधाच्या वाटेला लागू शकतो.

संशोधनाची कुपी माणसापासून दूर ठेवणं हा याच गोष्टीचा दुसरा भाग आहे. ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेल्या कुपीत जिवाणूंचं एंडोटॉक्सिन तपासलेलं असेलच असं नाही आणि ती निर्जंतुक असण्याची हमी कुणी देत नाही. चेहऱ्यावर लावायच्या सीरमला सौंदर्यप्रसाधनांचे २०२० चे नियम लागू होतात. सुईने शरीरात द्यायचं तर तो नव्या औषधाचा मामला होतो आणि २०१९ च्या नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांतून रीतसर परवानगी काढावी लागते. अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये इंजेक्शनसाठीचं जीएचके-कॉपर सुरक्षेची चिंता असलेल्या द्रव्यांच्या गटात टाकलं. अशुद्धी आणि शरीराची प्रतिकार-प्रतिक्रिया ही त्यामागची कारणं होती. रामदासपेठेत क्लिनिक आणि लॅब एकाच जिन्यावर असतात. म्हणून सांगतो, या जिन्यावरून कुपी खाली-वर होता कामा नये. एखाद्या क्लिनिकमध्ये अशी कुपी पाण्यात विरघळवून टोचायची तयारी दिसली, तर पेशंटने सरळ उठावं.

आता पावडर आली असं धरू. मे महिन्यात कुरिअरची गाडी सोनेगाव विमानतळाहून रामदासपेठेत येईपर्यंत डब्यातला बर्फाचा पॅक वितळलेला असतो. घाबरायचं कारण नाही. फ्रीज-ड्राय केलेलं कोरडं पेप्टाइड दोन-चार दिवसांची उष्णता बऱ्यापैकी सोसतं. त्याचा खरा वैरी ओल आहे आणि नागपुरात ओल जुलैत असते. उणे २० अंशांच्या फ्रीझरमधून काढलेली कुपी लगेच उघडली, तर थंडगार काचेच्या आत हवेतलं बाष्प जमतं आणि पावडर गोळा होते. तसं झालं की वजनही चुकतं आणि साखळी हळूहळू तुटायलाही लागते. म्हणून कुपी आधी डेसिकेटरमध्ये, सिलिका जेलच्या शेजारी, झाकण बंद ठेवून तासभर ठेवायची. खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडायची. ड्राय आइसमध्ये पार्सल आलं असेल तर ते हवेशीर जागी उघडावं, हातात जाड मोजे घालावे आणि उरलेला ड्राय आइस घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही ठेवू नये. उणे ७८ अंशांचा तो बर्फ थेट वायू होतो. छोट्या बंद खोलीत त्याने माणूस गुदमरतो, बंद डबा फुटतो.

तोलण्याच्या वेळी पंखा आणि एसी बंद. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, पावडर उडणार असेल तर मास्क. पेप्टाइडची पावडर पापडखारासारखी जड बसत नाही, स्थिर विजेने उडून स्पॅट्युलाला, मोज्याला, कुपीच्या गळ्याला चिकटते. चार मिलीग्रॅम तोलायला जाऊन तीन हाती येतात. त्यापेक्षा एकदाच मोठं वजन घ्यावं आणि त्याचं द्रावण करून पुढे पातळ करत जावं. ‘१० मिलीग्रॅम’ लिहिलेल्या कुपीत बरोबर दहा आहेत असं गृहीत धरू नये. स्पॅट्युला प्लॅस्टिकचा घ्यावा. काचेची भांडी दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून, शुद्ध पाण्याने विसळून मगच वापरावी, म्हणजे आधीच्या प्रयोगांतले धातूंचे अंश निघून जातात.

द्रावण ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नाही. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं, छोट्या छोट्या कुप्यांत भागून गोठवायचं आणि एकदा वितळलेली कुपी पुन्हा गोठवायची नाही. नॅनोमोलर द्रावणातलं पेप्टाइड प्लॅस्टिकच्या भिंतीलाच चिकटून बसू शकतं, म्हणून ते त्याच दिवशी ताजं करायचं. द्रावण गढुळलं किंवा निळा रंग पालटला तर ती कुपी बाद.

यानंतर पेशींच्या ताटलीत जे घडतं ते सर्वात फसवं. पेशी सुट्या करणाऱ्या ट्रिप्सिनबरोबर येणारं ईडीटीए तांब्याला जीएचकेपेक्षाही घट्ट धरतं. पेशी नीट धुतल्या नाहीत तर संयुगातलं तांबं तेच पळवतं. रक्ताच्या सीरममधलं अल्ब्युमिन तांब्याला जवळजवळ जीएचकेइतकंच धरतं आणि असतं मात्र हजारो पट. माणसाच्या सीरममध्ये तांबं साधारण ११ ते २२ मायक्रोमोलर असतं. पेशींच्या पोषणद्रव्यात दहा टक्के सीरम घातलं तरी एक मायक्रोमोलरहून जास्त तांबं तिथे आधीच हजर असतं. त्यातलं बहुतेक सेरुलोप्लास्मिनमध्ये अडकलेलं असलं, तरी आपण घातलेल्या एका नॅनोमोलरच्या ते हजार पट आहे. अशा प्रयोगात फरक दिसला तर तो नक्की कशाचा? म्हणून सीरमविरहित टप्पा हवा आणि चार गट हवे: काही न घातलेला, नुसतं जीएचके घातलेला, तेवढंच नुसतं तांबं घातलेला आणि संयुग घातलेला. नुसत्या तांब्याचा गट गाळलेला प्रबंध मी तरी कोलॅजनवाढीचा पुरावा मानणार नाही.

व्हिटॅमिन सीचा पेच आणखी वेगळा आहे. कोलॅजन नीट घडायला फायब्रोब्लास्टला ते लागतंच, म्हणून पोषणद्रव्यात घालतात. पण मोकळं तांबं आणि व्हिटॅमिन सी एकत्र आले की ऑक्सिजनच्या साक्षीने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि पेशी त्यानेच मरतात. अशा वेळी विद्यार्थी लिहितो, ‘जास्त मात्रेत संयुग विषारी आढळलं.’ विषारी कदाचित ते संयुग नव्हतं, पावडरीतलं न बांधलेलं तांबं होतं. पहिल्या दिवशी एएएसवर नमुना दिला असता तर हे कळलं असतं.

शेवटी उरतं ते सांडपाणी. एक मिलिमोलर द्रावणाच्या लिटरमध्ये तांबं साडेत्रेसष्ट मिलीग्रॅम असतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, तांब्याला लिटरमागे ०.०५ मिलीग्रॅमची स्वीकार्य मर्यादा देतं. म्हणजे हजार पटींहून जास्त. माणसापेक्षाही मासे आणि शेवाळ तांब्याला लवकर बळी पडतात. रामदासपेठेलगत पंचशील चौकाजवळून नाग नदी जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात तिथला पूल खचला, तेव्हा ती अनेकांना नव्याने आठवली. सिंकमध्ये ओतलेलं सगळं शेवटी तिच्याच वाटेला लागतं आणि तिचं पाणी पुढे कन्हानला मिळतं. म्हणून तांब्याचं द्रावण, पहिल्या विसळणीसह, वेगळ्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवावं, कॅनवर नाव आणि तारीख घालावी आणि ते घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेला द्यावं. पेशी असलेलं द्रावण ब्लीचने निर्जंतुक करताना आणखी एक काळजी हवी. तांब्यामुळे हायपोक्लोराइट लवकर विघटतं आणि ऑक्सिजन सुटतो. झाकण घट्ट लावलेली बाटली रात्रीतून फुगते. झाकण सैल ठेवा.

या सगळ्याला खर्च येतो आणि विद्यार्थ्याच्या कंटिन्जन्सी अनुदानात तो बसत नाही, ही तक्रार खरी आहे. पण एका कुपीसाठी लागणारी तपासणी थोडकी आहे: मास स्पेक्ट्रम, तांब्याचं प्रमाण आणि पेशींवर काम असेल तर एंडोटॉक्सिनची एलएएल चाचणी. नागपुरात फार्मसी कॉलेजं भरपूर आहेत. विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग अमरावती रोडच्या कॅम्पसवर आहे, तिथून जवळच १९४२ पासूनचं, आता विद्यापीठ झालेलं लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थान आहे आणि वर्धा रोडवर नीरी. रामदासपेठ या सगळ्यांच्या मधे, कुठूनही रिक्षाच्या अंतरावर. या संस्थांनी मिळून पेप्टाइडच्या नमुन्यांसाठी महिन्यातला एक दिवस राखून ठेवावा आणि कॉलेजांनी पर्चेस ऑर्डरचा एकच मसुदा वापरावा. त्यात क्षाराचा प्रकार, नेट पेप्टाइड कंटेंट, तांब्याचं मोलर प्रमाण, एंडोटॉक्सिन आणि त्याच बॅचचा दाखला माल पाठवण्याआधी, या पाच अटी असाव्या. एल-वन ठरवायचा तो या अटी पुऱ्या करणाऱ्यांमधूनच. नमुना तीन-चार मिलीग्रॅम पुरतो.